पास्टेल कशात बांधायचं: केळीचं पान की फॉइल?

नोव्हेंबर लागला की त्रिनिदादमध्ये रेडिओवर पारांगची, म्हणजे नाताळच्या स्पॅनिश वळणाच्या लोकसंगीताची, गाणी सुरू होतात आणि घराघरांत पास्टेलचा हिशेब मांडला जातो. किती डझन करायची, किती बीफची, किती चिकनची, कोणाकोणाकडे पोचवायची. त्यातच एक प्रश्न हमखास निघतो, आणि नोकरीनिमित्त इथे नव्याने आलेली मराठी कुटुंबंही मला तोच विचारतात: बांधायचं कशात? मी दोन्ही प्रकारे केली आहेत, अजूनही कधीकधी करतो. जे अनुभवाला आलं ते सांगतो, निर्णय तुमचा.

पास्टेल ज्यांनी खाल्लं आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मक्याच्या आधीच शिजवून वाळवलेल्या पिठाची मऊ पारी, आत मसालेदार खिमा, त्यात बेदाणे, ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या आंबटसर कळ्या), आणि चौकोनी पुडी बांधून वाफवणं. हे बेट 1797 पर्यंत स्पेनच्या ताब्यात होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात कोकोच्या मळ्यांवर काम करायला व्हेनेझुएलातून माणसं आली. पारांग आणि पास्टेल या दोन्ही गोष्टी त्या वारशातल्या मानल्या जातात. व्हेनेझुएलाचा किनारा इथून, सर्वांत जवळच्या ठिकाणी, जेमतेम 11 किलोमीटरवर आहे आणि तिकडची हाय्याका हे पास्टेलचंच मोठं, भरगच्च भावंड. ती केळीच्या पानात बांधतात, पास्टेलही मुळात पानातलंच. फॉइल नंतर आलं, आणि आलं ते सोयीसाठी. त्यामुळे फॉइल वापरणाऱ्याने परंपरा बुडवली असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात दिवसभर नोकरी करून रात्री पाच-सहा डझन पास्टेल करणाऱ्या बाईला सोय हवी असते, आणि तिचं बरोबर आहे.

आधी फॉइलच्या बाजूने. रोल दुकानात बारमाही मिळतो, हवा तेवढा कापता येतो, फाटत नाही, पुसावा लागत नाही, दोरा लागत नाही. कडा दुमडल्या की पुडी बंद. फ्रीझरमध्ये तर फॉइल पानापेक्षा उजवं आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. फॉइलमध्ये गुंडाळलेलं पास्टेल महिना-दोन महिने राहिलं तरी त्याला मासळीचा वास लागत नाही, कडा सुकत नाहीत. पानाची पुडी नुसतीच फ्रीझरमध्ये टाकली तर पान कोरडं पडतं, कोपरे तडकतात आणि त्या फटीतून आतलं पीठही सुकतं. पानातली पास्टेलं झिपच्या जाड पिशवीत, हवा काढूनच ठेवावी लागतात.

पानाचं काम खरंच वेळखाऊ आहे. घरच्या परड्यात केळ असेल तर ठीक, नाहीतर बाजारात 'फिग लीफ' मागायचं. इथे केळ्याला फिगच म्हणतात. पान निवडताना वाऱ्याने चिरफाळलेलं घेऊ नये, अलीकडे उलगडलेलं पण हाताला भरीव लागणारं घ्यावं. मधला दांडा काढून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वेगळ्या करायच्या, ओल्या फडक्याने दोन्ही अंगांनी पुसायच्या, आणि मग गॅसच्या आचेवरून सावकाश फिरवायच्या. हे शेकणं नीट बघण्यासारखं आहे. आच लागेल तिथे फिका, मेणचट हिरवा रंग एकदम गडद होतो, त्यावर तकाकी येते, आणि ती गडद रेघ तुमच्या हाताच्या वेगाने पानावर पुढे सरकत जाते. शेकलेलं पान हातात लुळं पडतं. जिथे आच पोचली नाही तिथे ते घडी घालताना शिरांच्या रेषेत सरळ फाटतं, आणि नेमकं सारण भरून झाल्यावर फाटतं. मग साधारण 8 बाय 10 इंचांचे तुकडे कापायचे. एवढं सगळं झाल्यावर अजून पिठाला हातही लागलेला नसतो.

पण पुढे पान ही मेहनत थोडी परत करतं. पास्टेलचा लाकडी प्रेस असतो, बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या आणि दाबायला दांडा. पानाला तेलाचं बोट लावून त्यावर पिठाचा गोळा ठेवला, वर तेल लावलेला प्लास्टिकचा कागद ठेवून दाबला, की पारी पानावरच तयार होते. त्यातच सारण, त्याचीच घडी, तीच पुडी. फॉइलवर थेट दाबलं की फॉइल सुरकुततं आणि सुरकुत्या पिठात रुततात. म्हणून बरेच जण प्लास्टिकमध्ये दाबून पारी उचलून फॉइलवर घेतात. मऊ पीठ असेल तर त्या उचलण्यात पारी मध्ये चिरते. म्हणजे फॉइलने वेळ वाचतो तो तयारीत, प्रत्यक्ष बांधताना फारसा नाही. ज्यांच्याकडे प्रेस नाही, जे हातानेच थापतात, त्यांनाही पानावर थापणं सोपं जाईल. मोदकाची पारी करणाऱ्या हाताला तर ते शिकवावंही लागत नाही.

आता वास आणि चव. पानाचा वास पिठाला लागतो यावर इथे कोणाचं दुमत नाही. किती लागतो यावर मात्र जेवणाच्या टेबलावर वाद होतात. सारणात थाइम, पिमेंटो मिरची, शॅडो बेनी (आपल्या कोथिंबिरीच्या वासाची, पण कितीतरी उग्र), वर केपर्सचा खारटपणा, असं सगळं असल्यावर आतल्या घासात पान जाणवेलच असं नाही. मला ते पारीत जाणवतं, विशेषतः कडेच्या, सारण नसलेल्या पट्टीत. मक्याच्या गोडसर पिठाला एक हिरवट, किंचित तुरट झाक येते. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाल्लेल्या माणसाला ती लगेच ओळखता येईल. शिवाय पानातल्या पारीचा पृष्ठभाग सुका आणि तुकतुकीत निघतो. फॉइलमध्ये वाफेचं पाणी आतल्या आत साचतं आणि वरचा थर थोडा चिकट राहतो, निदान माझ्या हातच्या पास्टेलांत तरी. तरीही केवळ चवीसाठी एवढा खटाटोप करा असं मी कोणाला सांगितलं नसतं. चांगलं सारण असेल तर फॉइलमधलं पास्टेलही मी आनंदाने खातो.

माझा कौल ठरला तो वेगळ्याच गोष्टीवरून: मायक्रोवेव्हवरून.

पास्टेलं कोणी एका दिवसात संपवायला करत नाही. ती डझनांनी होतात, फ्रीझरमध्ये जातात आणि जानेवारी उजाडेपर्यंत एकेक निघत राहतात. सकाळी घाईत, दुपारच्या डब्याला, रात्री पाहुणे आले तर. कामाच्या ठिकाणी जेवणाच्या खोलीत असतो तो मायक्रोवेव्ह. त्यात धातू चालत नाही, म्हणून फॉइल आधी काढावं लागतं, तेही पास्टेल दगडासारखं गोठलेलं असताना. इथे खरा त्रास सुरू होतो. वाफवताना मऊ पिठात रुतलेल्या फॉइलच्या बारीक चुण्या गोठल्यावर घट्ट धरून बसतात. फॉइल अखंड निघत नाही, चिंध्या होऊन निघतं. कोपऱ्यात, जिथे घडीवर घडी असते, तिथे चंदेरी कपचे अडकून राहतात आणि ते नखाने एकेक काढावे लागतात. लहान मुलाला द्यायचं असेल तर उजेडात धरून तपासावं लागतं. फॉइलबरोबर पारीची कडही सुटून येते, आणि कड म्हणजे पुडीचा जोड. मग उघड्यावर गरम करताना त्या जोडातून सारणाचा रस ताटलीत उतरतो, पीठ कडेने चामट होतं, मधलं सारण मात्र गारच. ओला कागदी रुमाल झाकला तर थोडं सावरतं, पण पूर्ण नाही. फॉइलला आतून भरपूर तेल लावूनही पाहिलं. त्याने चिकटणं कमी होतं, चुण्यांचा प्रश्न तसाच राहतो.

पानातलं पास्टेल तसंच्या तसं मायक्रोवेव्हमध्ये जातं. पानावर पाण्याचा हात फिरवायचा, दोन-अडीच मिनिटं लावायचं, मिनिटभर झाकून ठेवायचं. पान आतली वाफ धरून ठेवतं, वर कोरडं होत असलं तरी आतलं पीठ मऊच राहतं. मग ताटात उघडलं की पान एका ओढीत सुटतं आणि पिवळ्या पारीवर त्याच्या शिरांच्या समांतर रेघा उमटलेल्या दिसतात. डब्यात दुसरं काही नसलं तरी जेवण झाल्यासारखं वाटतं. एकेकट्या पास्टेलच्या बाबतीत रोज घडणारी ही गोष्ट आहे, आणि पान शेकण्याचे कष्ट वर्षातून एकदाचे. माझ्यापुरता हिशेब इथेच मिटला.

अर्थात, तुमच्या घरी पास्टेल पुन्हा वाफवूनच खायची रीत असेल तर हा सगळा मुद्दा गळून पडतो. गोठलेलं पास्टेल फॉइलसकट मोदकपात्रात किंवा चाळणीवर ठेवून वाफवलं की फॉइल बऱ्यापैकी सुटतं. एका माणसाच्या डब्यासाठी सकाळी सहाला चाळणी चढवणारी घरं किती असतील, ते तुम्हीच ठरवा. ऑर्डरी घेऊन शेकड्याने पास्टेलं करणाऱ्यांचं गणितही वेगळं. शेजारच्या टँटी (इथे मावशी-काकूंना असंच म्हणतात) घरासाठी पानात करतात आणि गिऱ्हाइकासाठी फॉइलमध्ये. त्यांची आई सगळी पानातच बांधायची. गिऱ्हाइकाला मोजायला सोपं, रचायला सोपं, आणि घरी नेऊन ते कसं गरम करतील हे त्यांच्या हातात नाही, असं त्या म्हणतात. त्यात मला खोट काढता येत नाही.

मधला मार्गही आहे: आत पानाचा तुकडा, बाहेर फॉइल. पानं कमी पडली, किंवा फाटकीतुटकी मिळाली, तर मी हेच करतो. आतलं पान पुडी बंद होण्याइतकं मोठं नसलं तरी चालतं, पारीला खालून-वरून स्पर्श झाला की पुरे. दोरा वाचतो, फ्रीझरमध्ये फॉइलचा फायदा मिळतो आणि मायक्रोवेव्हला लावताना फॉइल सुटून येतं, कारण ते पिठाला चिकटलेलंच नसतं. पहिल्यांदाच करत असाल आणि पूर्ण पानाची धास्ती वाटत असेल तर इथून सुरुवात करायला हरकत नाही. फक्त वाफवताना पुड्या पाण्यात बुडू देऊ नका. पानात दोऱ्याने घट्ट बांधलेली पास्टेलं लोक उकळत्या पाण्यातही शिजवतात, फॉइलच्या घडीतून मात्र पाणी आत शिरतं. चाळणीवर अर्धा तास पुरतो.

शाकाहारी घरांसाठी थोडं वेगळं सांगतो. मध्य त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या अनेक घरांत सोयाच्या खिम्याची किंवा मसुराची पास्टेलं होतात. या सारणांत मांसाची चरबी नसते, त्यामुळे ती लवकर कोरडी पडतात, आणि परत गरम करताना उघडी ठेवली की जास्तच. तिथे तर मी पानच सुचवेन, आणि सारणात तेलाचा हात जरा सैल ठेवा.

टोरोंटो, न्यूयॉर्ककडे राहणाऱ्यांना ताजं पान मिळणं कठीण. भारतीय, फिलिपिनो दुकानांत गोठवलेली पानं मिळतात. ती आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून हळूहळू सुटू द्या. घाईने गरम पाण्यात टाकली तर घडीवर फाटतात. मऊपणा आधीच आलेला असतो, म्हणून आचेवरून एकदा भरकन फिरवली की झालं. वास ताज्या पानाइतका येत नाही, पण मायक्रोवेव्हचं काम तितकंच चोख होतं. पाकिटात फाटलेली पानं निघतातच, ती वर सांगितलेल्या फॉइलच्या जोडीला वापरा.

आणि पानं आणलीच आहेत तर दोन-चार तुकडे बाजूला ठेवून पेमी करा. मक्याचं पीठ, ओला नारळ, किसलेला भोपळा, साखर, बेदाणे, जायफळ. सारण वेगळं नाही, सगळं एकत्र मळून पानात गुंडाळायचं. पेमीच्या बाबतीत मात्र मी फॉइलचा पर्याय विचारात घेत नाही. त्यात झाकून टाकायला केपर्स नाहीत की मिरची नाही, नारळ आणि भोपळ्याच्या सौम्य गोडीला पानाचाच काय तो वास, आणि फॉइलमध्ये केलेली पेमी मला तरी नुसती गोड लागली. पास्टेलसाठी कापून उरलेल्या अरुंद पट्ट्या, दोन आडव्या-उभ्या एकमेकींवर ठेवल्या, की पेमीला पुरतात.