मॅडनेसचा ‘द राइज अँड फॉल’: सात महिने ऐकल्यानंतर

काल रात्री ‘अवर हाउस’ हे गाणं पहिल्यांदा न अडकता पूर्ण वाजलं. मॅडनेस या ब्रिटिश बँडच्या ‘द राइज अँड फॉल’ अल्बमची ही रेकॉर्ड घेऊन सात महिने झाले.

उत्तर लंडनमधल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून नऊ पौंडांना घेतली. १९८२ ची, स्टिफ कंपनीची, कव्हरचे कोपरे झिजलेले. घरी येऊन थेट दुसरी बाजू लावली, कारण ‘अवर हाउस’ त्या बाजूचं पहिलंच गाणं आणि मी पैसे त्याच गाण्यासाठी मोजले होते. पहिल्या कडव्यातच पिन अडकली. तीच अर्धी ओळ, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी परत नेली तर दुकानदार म्हणाला, वापरलेला माल बदलून मिळत नाही. घेताना मी लावून दाखवा म्हटलं होतं, तेव्हा मशीन बंद आहे म्हणाला होता. नऊ पौंडांत माझी आठवड्याची भाजी येते. तो राग अजून गेलेला नाही.

पैसे वसूल व्हावेत म्हणून मग पहिली बाजूच लावत राहिले. सुरुवातीला ती जड गेली. त्यांच्या १९७९ च्या ‘वन स्टेप बियाँड’ अल्बममध्ये जो धावता स्का (जमैकाहून आलेलं नाचाचं संगीत) आहे, तो इथे फार थोडा. त्यांचं ‘हाउस ऑफ फन’ हे गाणं १९८२ मध्येच ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, तेही या अल्बमवर नाही. पहिल्या महिन्यात मी मैत्रिणीला सांगितलं, एका गाण्याचा अल्बम आहे, घेऊ नकोस. ते मत आज पूर्ण मागे घेते.

मत बदललं ते ‘प्रिमरोज हिल’ या लंडनमधल्या त्याच नावाच्या टेकडीबद्दलच्या गाण्यामुळे. खिडकी उघडून टेकडीकडे बघत बसलेला एक माणूस, खाली खेळणारी मुलं, एवढंच गाणं. कव्हरवरचा फोटोही त्याच टेकडीवरचा. लंडनच्याच कॅमडन टाउन भागातून तिथे चालत जाता येतं, आणि बँडमधले सातही जण त्याच भागाशी जोडलेले. लहानपणाच्या आठवणींवरचा अल्बम करायचा, असा मूळ विचार होता. पुढे तो पूर्ण पाळला नाही, तरी पहिल्या बाजूवर जागोजागी ते जाणवतं. मी एका रविवारी टेकडीवर जाऊन हेडफोनवर हे गाणं ऐकलं आणि घरी आल्यावर सगळी बाजू पुन्हा लावली. तेव्हा कुठे ‘ब्लू स्किन्ड बीस्ट’ नीट ऐकू आलं. ठेका हलका आणि विषय १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात मेलेल्या सैनिकांचा; अल्बम आला तो युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच. ‘टुमॉरोज जस्ट अनदर डे’मध्ये माइक बार्सनचा पियानो इतका उदास आहे की सकाळी कामाला निघताना मी ते लावत नाही.

आता पिनेबद्दल. कुणी म्हणालं, पिन बसवलेल्या हेडवर वजनासाठी नाणं ठेव. ठेवू नका, पिन आणि रेकॉर्ड दोन्ही खराब होतात. काल भिंगाखाली बघितलं तर तो चरा नव्हताच, खाचेत वाळलेला गोंदाचा कण होता. लाकडी टूथपिक डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, खाचेच्याच दिशेने, अगदी हलक्या हाताने काढला.

आणि गाणं वाजलं. रेडिओवर शंभरदा ऐकलेलं, पण सहा गाण्यांच्या त्या बाजूनंतर रेकॉर्ड उलटून ऐकलं की ते भरल्या घराचं गाणं वेगळंच लागतं. धृपदाची पट्टी बदलत राहते, डेव्हिड बेडफर्डने बांधलेली व्हायोलिनं वर चढत जातात, आणि हे घर आता मागे राहिलंय हे कळतं. मी उभी राहून ऐकलं.

दुसऱ्या बाजूची बाकी गाणी आता कुठे ऐकायला घेतली आहेत. ‘न्यू डेल्ही’ हे नाव बघून मी फार उत्सुक होते, पण गाणं मला परकंच वाटलं. ‘दॅट फेस’ आवडलं. जुनी प्रत घेणार असाल तर दुसऱ्या बाजूची पहिली तीन मिनिटं दुकानातच वाजवून घ्या. मशीन बंद आहे म्हणाले तर दुसरं दुकान गाठा.