शाई लावू देत नाही, त्याच्याकडून पेन घेऊ नका

महागडी फाउंटन पेनं ऑनलाइन जाहिरातींतून, सेकंडहँड किंवा ‘न वापरलेली’ म्हणून घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मला २८,००० रुपयांना नकली मॉन्ट ब्लांक विकलं गेलं. पैसे गेल्याचा राग आहेच, पण ज्या पद्धतीने हा व्यवहार रचला होता ती लोकांना कळायला हवी असं मला फार वाटतं.

मी दिवाणी दावे चालवते. कैफियत असो की युक्तिवादाचे मुद्दे, पहिला मसुदा हाताने होतो आणि तो शाईच्या पेनानेच. बॉलपेन दाबून लिहावं लागतं, चार-पाच पानांत अंगठा भरून येतो. चांगली निब कागदावर नुसती टेकवली तरी चालू लागते. मनगट सैल राहतं, अक्षर मोठं आणि मोकळं येतं, आणि वाक्य लिहिता लिहिता विचार करायला सवड मिळते. म्हणून कपाटात ठेवायला नाही, रोज कोर्टात न्यायला मला माइस्टरश्टुक १४९ हवं होतं. हॅम्बुर्गच्या मॉन्ट ब्लांक कंपनीचं माइस्टरश्टुक हे नाव १९२४ पासूनचं, १४९ हे मॉडेल १९५२ चं. जाड, सिगारसारखं पेन, १८ कॅरेट सोन्याची मोठी निब आणि तिच्यावर ४८१० हा आकडा, म्हणजे कंपनीच्या नावातल्या माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. दुकानात नवं घ्यायचं तर लाखाच्या घरात जातं.

जाहिरातीतला माणूस बोलायला अत्यंत सभ्य. काकांनी दुबईहून आणलेली भेट आहे, मला शाईच्या पेनाची सवय नाही, मॅडम, तुमच्यासारख्या लिहिणाऱ्याकडे गेलं तर बरं वाटेल. “मी दुकानदार नाही” हे तो दोन-तीनदा बोलला. त्यामागचा हेतू कायद्याच्या अंगाने बघा: घरातली एखादी वस्तू विकणाऱ्या खासगी माणसाला ग्राहक आयोगापुढे खेचणं अवघड असतं. डबा, माहितीपुस्तिका, क्लिपच्या कड्यावरचा अनुक्रमांक, सगळ्याचे फोटो त्याने न मागता पाठवले. भेट ठरली रेल्वे स्टेशनबाहेर. मी पिशवीतून शाईची बाटली काढली, तर त्याने पेनावर हात ठेवला. “शाई लावू नका मॅडम. फ्रेश पीस आहे. एकदा शाई लागली आणि तुम्ही नाही घेतलं, तर माझी किंमत अर्ध्यावर येईल.”

सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. ते ऐकायला रास्त वाटतं, कारण न वापरलेल्या पेनाला खरंच जास्त भाव मिळतो. पण नकली पेन बनवणारे सगळी मेहनत दिसणाऱ्या भागांवर घेतात: टोपणावरचा पांढरा तारा, सोनेरी कडी, निबवरची नक्षी. अनुक्रमांकही कोरतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. लिहिण्याच्या भागांवर मात्र खर्च करत नाहीत. ते उघडं पडू नये म्हणून शाई दूर ठेवायची.

घरी शाई भरायला घेतली. खऱ्या १४९ मध्ये पिस्टन असतो: मागची घुंडी फिरवली की ती किंचित वर येते, आतला दट्ट्या सरकतो आणि निब शाईत बुडवून उलटी फिरवली की शाई थेट नळीत ओढली जाते. इथे घुंडी फिरेना. जरा जोर लावला तर अख्खी नळी आट्यांवरून सुटून हातात आली आणि आत प्लॅस्टिकचा साधा कन्व्हर्टर, म्हणजे शाई भरायची सुटी नळी. (कन्व्हर्टर असला म्हणजे पेन नकलीच असं नाही, त्याच कंपनीच्या १४५ मध्ये तो असतो. पण १४९ मध्ये नाही.) लिहून पाहिलं तर उभ्या रेघा बऱ्या येत होत्या, शिरोरेषा मात्र मध्येच कोरडी पडत होती. ‘प्रतिवादी’ या एका शब्दावर तीन तुकडे.

पेन दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेलं. त्यांनी भिंगाखाली धरून निबच्या चिरेवरून नख फिरवलं आणि मला बघायला सांगितलं: चिरेच्या कडेला सोनेरी मुलामा संपून खालचं करडं पोलाद दिसत होतं. लोहचुंबक जवळ नेला तर निब चिकटली. सोनं चिकटत नाही. मात्र काही जातींचं स्टेनलेस स्टीलही चिकटत नाही, तेव्हा न चिकटणं हा खरेपणाचा पुरावा धरू नका.

तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद झाला होता. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. असा फोन जितका लवकर जाईल तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. माझी रक्कम पुढे सरकली होती. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली लेखी तक्रार दिली. खोटं व्यापारचिन्ह लावलेला माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा. तक्रारीत तेही कलम घालायला सांगा, बहुतेक जण फक्त फसवणुकीवर थांबतात. चॅट, यूपीआयची पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट लागतो, आणि जाहिरात उडवली जाते, म्हणून पैसे देण्याआधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

विकणारा शाई भरू देत नसेल तर निदान निब बाटलीत बुडवून दोन ओळी लिहू द्या म्हणा. पाण्याने पुसली की निब स्वच्छ होते, खऱ्या पेनाचं काही बिघडत नाही. घुंडी तर कोरडीही फिरवून बघता येते. एवढ्यालाही नाही म्हणाला तर तिथून निघा.

गेल्या आठवड्यात तेच फोटो, तोच डबा, वेगळ्या नावाने पुन्हा जाहिरातीत दिसले. काका आता सिंगापूरचे आहेत आणि किंमत २५,००० आहे. ती जाहिरात मी तक्रारीला जोडली आहे.