फुटलेला टीव्ही, भिजलेला लॅपटॉप : गृहविमा, संरक्षण योजना की स्वखर्च?

भिंतीवरच्या टीव्हीवर चेंडू आदळला किंवा लॅपटॉपच्या कीबोर्डवर पाण्याचा पेला कलंडला, की सर्वांत आधी वॉरंटीचे कागद शोधले जातात. पण त्यांचा इथे सहसा उपयोग होत नाही. उत्पादकाची वॉरंटी निर्मितीतील दोषांपुरती असते आणि पडणे, आपटणे, भिजणे या गोष्टी तिच्यातून वगळलेल्या असतात. जादा पैसे मोजून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटीही बहुधा त्याच हमीची मुदत वाढवते, व्याप्ती नव्हे. त्यामुळे निवड उरते ती तीन मार्गांमध्ये : घरातील सामानाच्या विम्याला जोडलेले अपघाती नुकसानीचे संरक्षण, एकेका उपकरणासाठी घेतलेली संरक्षण योजना किंवा स्वतंत्र गॅजेट विमा, आणि स्वतःच्या खिशातून केलेली दुरुस्ती.

गृहविम्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. सामानाचा विमा आहे म्हणजे घरात काहीही फुटले तरी भरपाई मिळेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात मूळ पॉलिसी बहुतेक वेळा आग, चोरी, पूर अशा नमूद केलेल्या संकटांपुरतीच असते, आणि हातून वस्तू पडून फुटणे हे जास्तीचा हप्ता भरून जोडून घ्यावे लागते. ते जोडले तरी अपवादांचे कलम वाचावेच लागते. झीज, हळूहळू होत गेलेला बिघाड, पाळीव प्राण्याने कुरतडलेली वायर आणि उपकरणातील माहिती नष्ट होणे हे सारे तिथे वारंवार वगळलेले दिसते. विजेचा दाब अचानक वाढून जळालेले उपकरणही पुष्कळ ठिकाणी अपघात न मानता विद्युत बिघाड मानले जाते. याशिवाय घराबाहेर फुटलेल्या फोनला हे संरक्षण लागू होईलच असे नाही.

तरीही मोठ्या, एका जागी राहणाऱ्या वस्तूंसाठी मला हाच मार्ग सरस वाटतो, आणि त्याचे कारण टीव्हीच्या रचनेत आहे. टीव्हीच्या किमतीचा मोठा भाग पॅनेलचा असतो, आणि पॅनेलला तडा गेला की ते बदलण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या आसपास जाऊन पोहोचतो. क्वचित होणारे पण झाले तर पूर्ण किंमत बुडवणारे असे हे नुकसान असते, आणि विमा मुळात अशाच नुकसानीसाठी असतो.

फोन आणि लॅपटॉप यांची गोष्ट वेगळी आहे, कारण ते रोज हाताळले जातात आणि त्यांचे नुकसान वारंवार, पण बरेचदा अंशतः होते. इथे उत्पादकाची किंवा विक्रेत्याची अपघाती नुकसान योजना सोयीची पडते : उपकरण सेवा केंद्रात द्यायचे, ठरलेले शुल्क भरायचे आणि दुरुस्त होऊन परत घ्यायचे, सर्वेक्षक (नुकसानीची पाहणी करणारा तज्ज्ञ), घसारा (वापराने व जुनेपणाने घटणारी किंमत), विमा रकमेचा हिशेब यांत सहसा पडावे लागत नाही. मात्र ती खरेदीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या ठराविक मुदतीतच घेता येते, वर्षाला किती दुरुस्त्या मिळतील यावर मर्यादा असू शकते, आणि चोरीचा समावेश आहे की नाही हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. फोन पाण्यात टिकतो म्हणून योजना नको, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. आयपी 68 या मानांकनातील 6 हा आकडा धुळीविषयी आणि 8 हा पाण्यात बुडण्याविषयी असतो. पण ती चाचणी नव्या उपकरणावर आणि गोड्या पाण्यात होते, साबणाच्या किंवा समुद्राच्या पाण्यात नव्हे, आणि फोन एकदा आपटल्यावर किंवा उघडल्यावर त्याचे सील पूर्वीसारखे राहतेच असे नाही. असे मानांकन असलेल्या फोनच्या वॉरंटीतही पाण्याने झालेले नुकसान सामान्यतः वगळलेले असते.

हप्त्यांची तुलना सगळेच करतात. खरा फरक वजावटीत आणि भरपाई मोजण्याच्या पद्धतीत पडतो. प्रत्येक दाव्यातून आधी कापली जाणारी रक्कम दुरुस्तीखर्चाच्या जवळपास असेल, तर पॉलिसी कागदावरच राहते, आणि वर दाव्याची नोंद होऊन दावा न केल्याबद्दलची सवलत जाऊ शकते. काही पॉलिसी जुन्याच्या बदली नवी वस्तू देतात, तर काही घसारा वजा करतात. दरसाल 20 टक्के सरळ घसारा धरला तर तीन वर्षांच्या लॅपटॉपचे मूल्य मूळ किमतीच्या 40 टक्केच उरते, आणि त्यातून पुन्हा वजावट जाते. तिसरी अडचण कमी विमा रकमेची. घरातील सामान खरोखर जितक्या मोलाचे आहे त्याच्या निम्म्यानेच विमा उतरवला असेल आणि पॉलिसीत सरासरीचे कलम, म्हणजे विमा जितक्या प्रमाणात कमी तितक्याच प्रमाणात भरपाई कमी करणारी अट, असेल, तर एका टीव्हीच्या दाव्यावरही निम्मीच भरपाई मिळते.

या हिशेबातून स्वखर्चाची बाजू आपोआप स्पष्ट होते. इयरफोन, राउटर, जुना टॅबलेट यांच्यासाठी हप्ता भरण्यापेक्षा तेवढी रक्कम बाजूला ठेवावी. उलट, वस्तू नवी आहे, तिच्याविना काम अडते आणि तशीच दुसरी लगेच घेणे जड जाईल, अशा वेळी योजना घ्यावी.

मार्ग कोणताही निवडला तरी दाव्याची तयारी जवळपास सारखीच असते. भिजलेले उपकरण लगेच बंद करून विजेपासून तोडावे, सुरू होते का ते पाहण्याचा मोह टाळावा आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू नये. तांदळाने आतला ओलावा नीट निघत नाही, आणि गोड किंवा खारट द्रव असेल तर सर्किटवर गंज धरत राहतो. जागेवरचे फोटो, खरेदीची पावती, सिरीयल क्रमांक, फोनचा 15 अंकी आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज जमवावा. कंपनीने पाहण्याआधी वस्तू टाकून देऊ नये किंवा परस्पर दुरुस्त करून घेऊ नये. घटनेचे वर्णन जसे घडले तसेच लिहावे : अनेक फोनमध्ये पाणी लागताच पांढऱ्याचा लाल होणारा छोटा स्टिकर असतो, त्यामुळे भिजलेला फोन केवळ पडला असे लिहिले तर तपासणीत ते उघड होते आणि एरवी मंजूर झाला असता असा दावाही नाकारला जाऊ शकतो.

एकाच लॅपटॉपवर गृहविमा आणि योजना दोन्ही लागू असतील, तर नुकसानभरपाई दोन्हींकडून पूर्ण घेता येत नाही. अशा वेळी आधी योजनेतून दुरुस्ती करून घेणे बहुधा फायद्याचे असते, कारण गृहविम्याच्या दाव्यांची नोंद त्यामुळे कोरी राहते.