४० दिवसांचा कोर्स

आमच्याकडं सहा संकरित एचएफ गाई. दोन दिवाळीनंतर व्यायल्या. संक्रांत आली तरी एक माजावर येईना आणि दुसरी भरवली की गाभ न राहता एकवीस दिवसांनी उलटायची, म्हणजे पुन्हा माजावर यायची. अशा वेळी माणूस कुणाचंही ऐकतो.

दूध संकलन केंद्रावर एक जण खनिज मिश्रणाची पावडर विकायला टेबल मांडून बसला होता. गळ्यात स्टेथोस्कोप, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. "दादा, गाईला रोज वीस ग्रॅम टाका. चाळीस दिवसांचा कोर्स. माज, गाभ, दूध, फॅट, सगळं एकातच." पाच किलोची बकेट २,४०० रुपयांना. रोख नको, दुधाच्या पगारातून कपात. रोख मागितले असते तर मी चार जणांना विचारून आलो असतो.

पहिल्याच आठवड्यात सहा गाईंचं मिळून चार लिटर दूध वाढलं. खूश होऊन दुसरी बकेट उचलली. त्याच आठवड्यात आपण मुरघासाची (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची) नवी बॅग फोडली होती, हे डोक्यातच आलं नाही! आई म्हणाली, "ह्याला चुन्याचा वास येतोय रे." मी हसण्यावारी नेलं. गाई दावं चघळायच्या, माती चाटायच्या, ते काही थांबलं नव्हतं.

उलटणाऱ्या गाईच्या सोटात, म्हणजे माजावर येताना पडणाऱ्या चिकट स्रावात, पांढरे कण दिसायचे. त्या डॉक्टरला फोन केला तर म्हणाला, "कोर्स लागू पडतोय, घाण बाहेर येतेय." मी आणखी दोनदा भरवली, दोन्हीदा उलटली.

मार्चमध्ये सरकारी पशुवैद्यकांना बोलावलं. हात घालून तपासल्यावर कळलं, त्या गाईच्या गर्भाशयात जंतुसंसर्ग होता. त्याला औषधोपचारच लागतो, पावडर खाऊन तो जात नाही. माजावर न येणाऱ्या गाईची अंडाशयं थंड पडलेली. आमच्याकडं गव्हाणीत बहुतेक उसाचं वाढंच, म्हणजे शेंड्याकडची हिरवी पानं. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. म्हणजे क्षारांची गरज खरी होती, म्हणूनच त्याचं बोलणं पटलं.

साहेबांनी चमचाभर पावडर वाटीत घेऊन लिंबू पिळलं. सोड्यासारखी फसफसली. चुनखडी! चांगल्या मिश्रणातही थोडी चुनखडी असते, नुसत्या फेसावर जाऊ नका, असं त्यांनीच बजावलं. पण या बकेटीवर कॅल्शियम किती, फॉस्फरस किती, तांबं-जस्त किती, काही छापलेलं नव्हतं. बॅच नंबर नाही, कारखान्याचा पत्ता नाही, खनिज मिश्रणाच्या भारतीय मानकाचा आयएस १६६४ हा आकडा नाही. भरल्या कासेच्या गाईचा रंगीत फोटो तेवढा होता. शिवाय दुभत्या गाईला खनिज मिश्रण दिवसाला निदान पन्नास ग्रॅम लागतं. वीस ग्रॅम सांगितले कारण सहा गाईंना पाच किलो साधारण चाळीस दिवस पुरतं. माल अस्सल असता तरी उपयोग नव्हता.

४,८०० रुपयांचं एवढं नाही. दोन गाईंचे दोन-अडीच महिने गेले, त्या काळातला चारा-पेंड गेली आणि पुढचं वेत तेवढंच लांबलं.

केंद्रावर भांडायला गेलो. "मी फक्त कपात केली, माल माझा नव्हता," एवढंच केंद्रचालकाचं उत्तर. पक्कं बिल मी मागितलंच नव्हतं, तक्रारीला जोडणार काय? त्या डॉक्टरचा फोन बंद.

गेल्या आठवड्यात त्याच टेबलावर नवी बकेट दिसली. झाकण निळं, नाव वेगळं, गाईचा फोटो तोच.