पैसे ५ एमएमचे, पाइप ३ एमएमचा

जुन्या पिकअपची चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, नव्याने बनवून घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. फसवणूक म्हटली की ॲडव्हान्स घेऊन पळालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. आमचा फॅब्रिकेटर, म्हणजे चासी वेल्ड करून बनवणारा, पळाला नाही. ठरल्या वेळेला त्याने चासी हातात दिली. काळी कुळकुळीत, चमकणारी, आणि कर्ण मोजले तर दोन्हीकडून सारखे, म्हणजे चौकट कुठे तिरकी नाही. गोम इथेच होती. माणूस कामात कच्चा नव्हता; कुठे हात मारला तर दिसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गाडी १९५० च्या दशकातली. त्या काळच्या पिकअपची चासी म्हणजे सहसा एका बाजूने उघड्या, सी आकाराच्या चॅनेलचे दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे, रिव्हेट मारून बसवलेले आडवे क्रॉस मेंबर. ती खड्ड्यात थोडी पिळवटते, ते गृहीतच धरलेलं असतं. मला मात्र जास्त ताकदीचं इंजिन, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक हवे होते, आणि जुने रेल जागोजागी गंजलेले. म्हणून १०० बाय ५० एमएमचा चौकोनी बॉक्स पाइप, भिंतीची जाडी ५ एमएम, असं ठरलं. जाडी कोटेशनवर लिहून घेतली होती. पुढचा सगळा वाद त्या एका ओळीच्या जोरावर घालता आला.

काम चालू असताना फोटो यायचे. वेल्डिंगची मण्यामण्यांची सुरेख माळ, बघत राहावी अशी. नंतर नीट पाहिलं तेव्हा कळलं, की बऱ्याच फोटोंतल्या रेलला आमच्या ड्रॉइंगमधली भोकंच नाहीत. ती दुसऱ्याच कुणाच्या गाडीची चासी होती. सांध्याच्या जवळून काढलेल्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही. पूर्ण चासी एका चौकटीत दिसेल असाच फोटो मागा, आणि पाइप कापण्याआधी जाऊन प्रत्येक नळीवर आपल्या हाताने पंचने ठोकून खूण उमटवून या.

रंगाआधी येऊन बघणार, असं मी कळवलं होतं. त्यावर निरोप आला: ‘पावडर कोटिंगवाल्याची भट्टी रिकामी मिळाली, गंज धरायला नको म्हणून पाठवून दिली.’ ऐकायला किती काळजीवाहू वाटतं!

चासी टेम्पोतून उतरवताना चौघांनी ती फारसं न कण्हता उचलली. त्यातला एक लेथवर काम करणारा. तो म्हणाला, ‘हलकी आहे रे ही.’ मग वजनकाटा आणला. गणित सोपं आहे: १ चौरस मीटर पोलादी पत्रा १ एमएम जाडीचा असेल तर त्याचं वजन ७.८५ किलो. त्या हिशोबाने १०० बाय ५० चा ५ एमएम पाइप मीटरला जवळपास ११ किलो, आणि ३ एमएमचा पावणेसात. आमच्या ड्रॉइंगमध्ये सगळा मिळून १४ मीटर पाइप. म्हणजे नुसता पाइपच दीडशे किलोच्या वर, आणि ब्रॅकेट, सस्पेन्शनचं क्रॉस मेंबर धरून पावणेदोनशेच्या आसपास. काट्यावर आले १२०.

फोनवर फॅब्रिकेटरचा आवाज जराही हलला नाही. ‘पुढच्या टोकाला व्हर्नियर लावा आणि बघा.’ व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावला. बरोबर ५! मागची टोकं मात्र झाकणं वेल्ड करून बंद केलेली.

पुढच्या बंपरजवळ कापड थिनरमध्ये बुडवून घासलं, तर कापडावर काळा रंग उतरला. पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा रंग, साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसवर भट्टीत भाजतात. ते थिनरच्या एका फडक्याने असं उतरत नाही. हा साधा स्प्रेचा रंग होता. भट्टीत घालणं त्याला परवडणारंच नव्हतं, कारण रंगाखाली निघाली बॉडीची पुट्टी, आणि नेहमीची पुट्टी त्या तापमानाला टिकत नाही. पुट्टीखाली सांधा. दोन्ही रेलना पुढे हातभर ५ एमएमचा तुकडा आणि तिथून मागे सगळा ३ एमएम. वेल्ड आत उतरावं म्हणून कडांना मारतात ती व्ही खाच न मारता टोकाला टोक भिडवून वरून मिग वेल्डिंगची पातळ माळ ओढलेली, आणि तीही ग्राइंडरने सपाट केलेली. म्हणजे जे थोडंफार धरून होतं, तेसुद्धा घासून टाकलं. त्या सांध्यापासून वीतभर अंतरावर स्टिअरिंगचं ब्रॅकेट.

मग बाहेरच्या तपासणीसाला बोलावलं. त्याने जागोजागी रंग खरवडून, ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं अल्ट्रासॉनिक गेज लावलं (रंगावरून लावलं तर आकडा जास्त येऊ शकतो) आणि सांध्यांवर लाल डाय व पांढरा डेव्हलपर मारून पाहिलं; तडा असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. सस्पेन्शनच्या एका ब्रॅकेटच्या कोपऱ्यात लाल रेघ उमटली. चाक अजून जमिनीला लागलं नव्हतं!

अहवाल हातात पडल्यावर फॅब्रिकेटरने भाषा बदलली. ‘बंद बॉक्स आहे, मूळ चॅनेलपेक्षा ३ एमएमसुद्धा भारीच.’ हे अर्धसत्य फार लोकांना पटतं, म्हणून सांगतो. पिळाला बंद बॉक्स उघड्या चॅनेलपेक्षा कितीतरी कमी दाद देतो, हे खरं. पण जिथे ब्रॅकेट वेल्ड केलेला असतो तिथे सगळा जोर एका कडेवर येतो, आणि तिथे भिंतीची जाडीच लागते. शिवाय पैसे ५ चे घेतले होते, त्याला काय उत्तर? त्याला उत्तर नव्हतं. लेखी नोटीस गेल्यावर निम्म्याहून थोडे कमी पैसे परत आले.

जुनी चासी मापं घेण्यासाठी त्याच्याकडे ठेवली होती, ती मात्र आली नाही. भंगारात घातली म्हणतो. तिच्या रेलवर मूळ चासी नंबर ठोकलेला होता. नवी चासी आता दुसरीकडे बनतेय, हप्ते टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा हप्ता रंगाआधी उघड्या लोखंडावर तपासणी झाल्यावर. तिच्यावर कोणता नंबर ठोकायचा, याचा अर्ज नोंदणी कार्यालयात पडून आहे, आणि तिथला कारकून दर वेळी एकच विचारतो: जुना रेल कुठे आहे?