पाच तारे द्या, पैसे परत घ्या : माझी झालेली आणि मी केलेली फसवणूक

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझे ४,३४७ रुपये येणे होते, ते आजतागायत आलेले नाहीत. रक्कम कोणाला मोठी वाटेल, कोणाला किरकोळ वाटेल. पण ज्या रीतीने ती गेली ती रीत आज कितीतरी घरांत मोबाईलवर रोज चालू आहे, आणि तीत पैसे गमावणाऱ्या माणसाने त्याआधी स्वतःच्या हाताने इतर गिऱ्हाइकांची दिशाभूल केलेली असते, त्यामुळे तो कोणाजवळ बोलत नाही. मीही तीन महिने गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची किंमत माझ्या शेजारच्या काकूंना मोजावी लागली, म्हणून हे सगळे लिहून ठेवत आहे.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला वडगावात राहते आणि एका खाजगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. कार्यालयातल्याच एका मैत्रिणीने मला मोबाईलवरच्या एका गटात घेतले. तिला स्वतःला तोवर पैसे नीट मिळत होते आणि तिने मला चांगल्या मनाने बोलावले होते, हे आधीच सांगते. गट चालवणाऱ्या बाईंना सगळे 'मीडिएटर' म्हणत. त्या रोज सकाळी वस्तूंची यादी टाकत. प्रत्येक वस्तूपुढे किंमत आणि 'लेस' किती ते लिहिलेले असे. 'दोनशे लेस' म्हणजे वस्तू आपण पूर्ण किमतीला मागवायची, तिला पाच तारे देऊन अभिप्राय लिहायचा आणि मग दोनशे रुपये वजा करून बाकीचे पैसे आपल्या खात्यावर परत यायचे. वस्तू आपल्याकडेच राहायची.

ती वस्तू मागवायची कशी, याच्या सूचना फार बारकाईने दिलेल्या असत. थेट लिंकवरून घ्यायची नाही. ऑनलाइन दुकानात शब्द टाकून शोधायची, दुसऱ्या दोन कंपन्यांच्या वस्तू उघडून थोडा वेळ बघत राहायचे, त्यातली एखादी कार्टमध्ये टाकून पुन्हा काढायची आणि मगच 'आपली' वस्तू विकत घ्यायची. अभिप्राय माल आल्याच्या दिवशी टाकायचा नाही, पाच-सहा दिवस थांबायचे. खोक्यातून काढलेल्या वस्तूचे तीन फोटो आणि शक्य असल्यास एक छोटा व्हिडिओ जोडायचा. पैसे परत मिळणार आहेत याचा उल्लेख कुठेही करायचा नाही. काय लिहायचे त्याचे मुद्देही तयार येत, आपण फक्त ते आपल्या भाषेत मांडायचे. हिशेब तपासण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, तरी एवढी लपवाछपवी कशासाठी असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही, आणि याची मला आजही खंत वाटते.

पहिल्या तीन व्यवहारांचे पैसे वेळेवर आले. सुऱ्यांचा संच ३४९ रुपयांना घेतला, त्याचे ३०० रुपये अठराव्या दिवशी जमा झाले. टेबलावरचा दिवा आणि पाण्याची बाटली यांचेही पैसे मिळाले. दिवाळीच्या तोंडावर यादी लांबली आणि मी एकाच आठवड्यात तीन वस्तू मागवल्या: २,१९९ रुपयांचा पाच लिटरचा स्टीलचा कुकर, १,४९९ रुपयांचे केस वाळवण्याचे यंत्र आणि १,०९९ रुपयांचा चादरींचा संच. एकूण ४,७९७ रुपये भरले. ४५० रुपये लेस जाऊन ४,३४७ परत यायचे होते.

सगळा व्यवहार ज्या अटीवर उभा असतो ती अट इथेच सांगते. वस्तू परत करण्याची मुदत सात दिवसांची होती, आणि पैसे मागण्याचा 'रिफंड फॉर्म' ती मुदत उलटल्याशिवाय उघडत नसे. कारण असे दिले जाई की, नाहीतर लोक वस्तूही परत करतील आणि दोन्हीकडून पैसे घेतील. मला ते रास्त वाटले. प्रत्यक्षात त्या सात दिवसांनंतर माझ्या हातात काहीच उरले नाही: अभिप्राय देऊन झाला होता, वस्तू परत करता येत नव्हती, आणि पैशाचा वायदा तेवढा बाकी होता. आधी 'कंपनीकडून पेमेंट आले नाही', मग 'सोमवारी होईल', मग 'बँकांना दिवाळीची सुट्टी आहे' असे निरोप येत राहिले. भाऊबिजेनंतर चौथ्या दिवशी मला गटातून काढून टाकले आणि बाईंचा नंबर लागेनासा झाला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर मी फोन केला. पलीकडच्या माणसाने नम्रपणे विचारले की, पैसे तुम्ही कोणाच्या खात्यात पाठवले, आणि घेतलेली वस्तू मिळाली की नाही. पैसे मी दुकानात भरले होते आणि वस्तू घरी आली होती. ज्याने पैसे बुडवले त्याला मी एक रुपयाही थेट पाठवलेला नव्हता. त्याने मला फक्त तोंडी वचन दिले होते, आणि तेही अशा कामासाठी, ज्याचा कागद मला कोणाला दाखवता आला नसता. फोनवरच्या माणसाने माझी तक्रार नोंदवून घेतली. पण त्या दोन प्रश्नांनी माझ्या लक्षात आले की, हा व्यवहार रचतानाच फसलेल्या माणसाला दाद मागायला जागा ठेवलेली नाही.

इथवर नुकसान माझे एकटीचे होते. पुढचे लिहिणे मला अधिक जड जाते.

कुकर मी अभिप्राय देण्याआधी दोनदा वापरला होता. दोन्ही वेळा झाकणाच्या कडेने वाफ निघत होती आणि शिट्टी व्हायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. मुद्द्यांच्या यादीत मात्र 'रिंग घट्ट बसते, वाफ बाहेर जात नाही' असे होते, आणि मी तसेच लिहिले. ओट्यावर कुकर ठेवून, मागे आमच्या स्वयंपाकघरातल्या निळ्या नक्षीच्या फरश्या दिसतील असा फोटो काढून जोडला. महिन्याभराने समोरच्या काकूंचा जुना कुकर निकामी झाला. त्यांच्या मुलाने मोबाईलवर चार-पाच कुकर काढून दाखवले, त्यात काकूंना माझा फोटो दिसला. त्या आमच्याकडे येऊन कौतुकाने म्हणाल्या, "अगं, हा तर तुझा ओटा! तूच लिहिलंयस म्हटल्यावर मी पुढचं काही वाचलंच नाही, लगेच मागवला." त्या वेळी मी खरे सांगायला हवे होते. पैसे परत मिळवण्यासाठी हे लिहिले हे सांगण्याची लाज वाटली, आणि मी नुसती हसले.

पंधरा दिवसांनी सकाळी त्यांच्या घरातून मोठा आवाज आला. मी धावत गेले तेव्हा तुरीचे वरण छतापर्यंत उडालेले होते, गॅस त्यांच्या सुनेने बंद केला होता आणि काकू मनगट धरून खाली बसल्या होत्या. वाफेचा चटका बसला होता. डॉक्टरांनी मलम आणि पट्टी दिली, आठवड्यात जखम भरली. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना सगळे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पैशाचं मला काही नाही गं. पण मी तुझं नाव बघून घेतला होता."

दोन्ही कुकर घेऊन मी तुळशीबागेजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यांनी काकूंच्या झाकणाची रिंग काढली आणि तिच्या खाचेतून नख फिरवत मला दाखवले की, खाच एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ आहे. शिट्टीच्या नळीत डाळीचे साल अडकले होते. असे कोणत्याही कुकरचे होऊ शकते, आणि त्यासाठीच सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, उष्णता वाढली की त्याच्या मधला मऊ धातू वितळून वाफेला वाट मिळते. इथे तो वितळला नव्हता, अख्खाच्या अख्खा उपटून निघाला होता, कारण आट्यांना पकड नव्हती. मग त्यांनी फळीवरचा एक जुना कुकर काढून त्यावरची आयएसआय खूण, कुकरच्या मानकाचा 'आयएस २३४७' हा आकडा आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक दाखवला. आमच्या दोन्ही कुकरवर यातले काहीही नव्हते. एक सोनेरी तारेवाला स्टिकर होता. "ताई, हे नसेल तर मी हातच लावत नाही," असे म्हणून त्यांनी झाकणे परत दिली.

घरगुती प्रेशर कुकरला ही खूण १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची आहे, ऑनलाइन विकणाऱ्यांनाही. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकला की तो खरा आहे की नाही हे कळते. मी ते केले असते तर दोन मिनिटे लागली असती. आमच्या दोघींपुढे साडेचारच्या घरातले तारे होते, म्हणून कुकरवरची खूण पाहावी असे आम्हाला वाटलेच नाही.

त्या ताऱ्यांबद्दल आतून पाहिलेली गोष्ट सांगते. अभिप्रायाखाली 'खात्रीची खरेदी' असे लिहिलेले असते आणि आपण त्यावर विसंबतो. त्याचा अर्थ एवढाच असतो की, त्या माणसाने त्या दुकानात पैसे भरले. ते पैसे नंतर कोणी दुसऱ्या वाटेने परत केले की नाही, हे दुकानाला दिसत नाही. माझ्या सगळ्या खोट्या अभिप्रायांखाली ती खूण होती. विक्रेत्याला हा खर्च परवडतो, कारण सुरुवातीला थोडा माल असा वाटून तारे मिळवले की वस्तू शोधात वर येते, आणि पुढे पूर्ण किंमत देणारी काकूंसारखी गिऱ्हाइके आपोआप मिळतात.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने स्वतःला ग्राहक भासवून अभिप्राय टाकणे मना आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणले, आणि त्यात विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत असे म्हटले आहे. पण ते आणले तेव्हा पाळणे ऐच्छिकच ठेवले होते. अमेरिकेत २०२४ मध्ये झालेल्या नियमाने चांगलेच लिहिण्याच्या अटीवर मोबदला देण्यावर बंदी घातली. फुकट वस्तू देऊन मत मागणे आणि फुकट वस्तूच्या बदल्यात ठरलेले मत लिहून घेणे यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. पण पहिल्या तीन व्यवहारांत वस्तू बऱ्या होत्या, तेव्हाही मी त्यांच्यातले दोष शोधत बसले नव्हते. ज्या वस्तूसाठी आपल्या खिशातून फारसे काही गेले नाही तिची तक्रार करायला हात उचलत नाही, आणि वाचणाऱ्याला तर ती जवळजवळ फुकट होती हेही माहीत नसते.

आता मी काही घेण्याआधी चार-पाच तासांत किंवा दोन दिवसांत दाटीने आलेले पाच ताऱ्यांचे अभिप्राय बाजूला ठेवते आणि तीन व दोन ताऱ्यांचे वाचते. वस्तू महिनाभर वापरल्यावर काय झाले, हे कोणी लिहिले आहे का ते बघते. सगळ्यात उपयोगी म्हणजे अभिप्राय देणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याने आणखी काय लिहिले आहे ते पाहणे. त्या दिवसांत कोणी माझ्या नावावर टिचकी मारली असती, तर दीड महिन्यात सहा वेगवेगळ्या वस्तू आणि सहाही ठिकाणी पाच तारे दिसले असते. वस्तूत दोष निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. काकूंच्या कुकरची तक्रार आम्ही तिथेच नोंदवली. आणि कोणी 'वस्तू परत करण्याची मुदत संपल्यावर रिफंड' असे म्हणाले तर तिथेच थांबावे, कारण त्या मुदतीनंतर आपल्याजवळ मागायला काही राहत नाही.

काकूंचे २,१९९ रुपये आणि डॉक्टरांचे पैसे मी दिले. त्यांनी फक्त कुकरचे घेतले. माझा कुकरचा अभिप्राय मी एका ताऱ्यावर आणला आणि पैसे कबूल झाले होते हे त्यात लिहिले. चार दिवसांत तो दिसेनासा झाला, आणि त्याबरोबर मी गेल्या आठ वर्षांत पुस्तकांवर आणि औषधी तेलांवर प्रामाणिकपणे लिहिलेले सगळे अभिप्रायही गेले. यापुढे मला तिथे अभिप्राय देता येणार नाही, असे कळवण्यात आले. त्यावर माझी तक्रार नाही.

पण मागच्या आठवड्यात काकूंच्या मुलाने मला एक कुकर दाखवला. कंपनीचे नाव वेगळे, किंमत शंभर रुपयांनी कमी, आणि खालच्या फोटोंमध्ये आमच्या ओट्यावरचा तोच कुकर, मागे निळ्या नक्षीच्या फरश्या. तो फोटो काढून टाकावा म्हणून मी आतापर्यंत तीनदा कळवले आहे. आज सकाळी पाहिले तेव्हा तो तिथेच होता.