‘मायक्रोकॉझम ऑफ लंडन’चे 104 फलक: आठ महिने रोज वापरल्यावर

रुडॉल्फ ॲकरमन या मूळच्या जर्मन प्रकाशकानं लंडनच्या स्ट्रँडवरच्या आपल्या दुकानातून 1808 ते 1810 या काळात ‘मायक्रोकॉझम ऑफ लंडन’ हा तिथल्या वास्तूंच्या छापील चित्रांचा संच काढला. अशा एका पानभर चित्राला फलक म्हणतात. दर महिन्याला चार, असे 26 भाग, मिळून 104 रंगीत फलक आणि तीन खंड. इमारती ऑगस्टस चार्ल्स प्युजिननं काढल्या, माणसं टॉमस रोलँडसननं. इंग्लंडची रीजन्सी, म्हणजे राजाऐवजी युवराज कारभार पाहत होता तो काळ, काटेकोरपणे 1811 ते 1820 ची, म्हणजे हा संच तिच्या उंबरठ्यावरचा. पण त्या काळातल्या कादंबरीचा अनुवाद करायचा असो, नेपथ्य उभं करायचं असो की खोलीत माणसं कशी वावरायची ते पाहायचं असो, सगळ्यात जास्त उपयोग याच संचाचा होतो. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर स्कॅन फुकट मिळतात. वापरायचे कसे, ते मात्र कुणी सांगत नाही.

आधी स्कॅनचा आकार बघा. छापलेलं चित्र साधारण 8 बाय 10 इंचांचं असतं आणि मागच्या गर्दीतला चेहरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. 1500 पिक्सेल रुंदीच्या फाइलमध्ये तो चेहरा म्हणजे नुसता ठिपका. 3000 पिक्सेलला टोपी आणि कॉलर कळतात. 6000 पिक्सेल, म्हणजे इंचाला 600, मिळाले तर ॲक्वाटिंट या कोरीव छपाईच्या तंत्राचा दाणासुद्धा दिसतो, आणि तो दिसणं गरजेचं आहे. या तंत्रात तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून पत्रा तापवतात, कण चिकटतात, मग आम्ल कणांच्या मधल्या जागा खात जातं. जो भाग उजळ ठेवायचा तो वार्निशनं झाकायचा आणि पत्रा पुन्हा आम्लात घालायचा. त्यामुळे मूळ छपाईत सावल्यांमध्ये वेडंवाकडं, कोळ्याच्या जाळ्यासारखं विणकाम दिसतं. त्याऐवजी एकसारख्या रांगेतले रंगीत ठिपके दिसले तर ते विसाव्या शतकातलं पुनर्मुद्रण समजायचं. अशी पानं मूळ म्हणून सर्रास फिरतात आणि त्यांचे रंग, सावल्या दोन्ही बदललेले असतात.

हा दाणा पत्र्यावर फार टिकत नाही. उशिराच्या प्रतींत छताचे कोपरे, गॅलरीखालचा अंधार हे सगळं फिकट, सपाट होतं. एकाच फलकाचे दोन-तीन स्कॅन शेजारी लावले की कुठली प्रत आधीची ते लगेच कळतं. मापं आणि सावल्या आधीच्या प्रतीवरून घ्याव्यात.

दुसरं काम म्हणजे चित्राखालची बारीक ओळ वाचणं. 1735 च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये कोरीव चित्राला कॉपीराइट हवा असेल तर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख पत्र्यावरच कोरणं सक्तीचं झालं. म्हणून प्रत्येक फलकाला स्वतःची तारीख आहे, आणि खंडावरच्या ‘1808–10’ या सरसकट आकड्यापेक्षा ती जास्त कामाची. कागदातला व्हॉटमन या कागद बनवणाऱ्याचा वॉटरमार्क आणि त्यातलं वर्ष ही वेगळी बाब आहे. कागद त्या वर्षाआधीचा नाही एवढंच त्यावरून ठरतं. ती प्रत छापली गेली कितीतरी नंतरही असू शकते.

तारखेकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याचं नाटकवाल्यांच्या हातून हमखास घडणारं उदाहरण: 1815 मधला प्रसंग ड्रुरी लेन नाट्यगृहात दाखवायचा म्हणून 1808 चा फलक घेतात. त्या फलकातलं हेन्री हॉलंड या वास्तुकारानं बांधलेलं नाट्यगृह 24 फेब्रुवारी 1809 ला जळालं, आणि 1812 मध्ये उघडलं ते वेगळंच. कॉव्हेंट गार्डनचंही तसंच. जुनं सप्टेंबर 1808 मध्ये जळालं, रॉबर्ट स्मर्कचं नवं वर्षभरात उभं राहिलं. ॲकरमननं या संचात जुनं आणि नवं दोन्ही दिलंय, त्यामुळे नुसतं नाव शोधून पहिला फलक उचलू नका.

आता मापांचा भाग, माझ्या मते या संचाचं खरं धन इथेच आहे. प्युजिन हा जॉन नॅश या वास्तुकाराच्या हाताखाली इमारतींचे आराखडे काढलेला माणूस, त्यामुळे त्याच्या खोल्यांतून मापं निघतात. समरसेट हाउसमधल्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनाचा फलक घ्या. त्या मोठ्या दालनात जमिनीपासून सुमारे आठ फुटांवर एक पट्टी होती. मोठ्या चित्रांच्या चौकटी तिच्यावर टेकवलेल्या असत आणि ‘रेषेवर’ जागा मिळावी म्हणून चित्रकार भांडत. मागच्या भिंतीवर ती रेषा शोधा, जमिनीपासून तिथपर्यंतच्या अंतराचे आठ भाग करा, की एक फूट हाती आला. तोच फूट वर मोजत गेलं की भिंतीची उंची मिळते. पण हे माप फक्त त्या एका भिंतीपुरतं. पुढच्या भिंतींसाठी आधी क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेची पातळी, काढावी लागते: जमिनीच्या आणि छताच्या कडा वाढवा, त्या जिथे मिळतात तिथून आडवी रेघ ओढा.

इथे रोलँडसनच्या माणसांवर विसंबू नका. उभा माणूस साडेपाच फुटी धरून खोली मोजण्याचा मोह होतो, पण माणसं नंतर घातलेली आहेत आणि काही फलकांत ती खोलीच्या मानानं लहान आहेत. तपासणी सोपी आहे. बघणाऱ्याची नजर उभ्या माणसाच्या उंचीची असेल तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या पुरुषांचे डोळे क्षितिजरेषेपाशी यायला हवेत. मागची माणसं रेषेच्या खाली बुडत असतील तर ती खुजी काढली आहेत आणि खोली भव्य दिसायला त्यांचा हातभार लागला आहे.

रोलँडसनकडून घ्यायची ती वागणूक. कोण बसलंय, कोण उभंय, लिलावात कोण बोलीकडे बघतंय आणि कोण शेजारणीकडे, प्रदर्शनात मान मागे टाकून वरची चित्रं पाहताना माणसं कशी वाकतात. कोळसा बाजार, फ्लीट तुरुंग, बिलिंग्सगेटचा मासळी बाजार, सेंट जेम्सचं गरिबांसाठीचं कामगृह हे सगळं एकाच संचात आहे. दरबारच्या फलकात उंच कंबरेच्या झग्याखाली रुंद हूप, म्हणजे झगा फुगवणारा सांगाडा, दिसेल. ती चूक नाही. फॅशननं हूप कधीच सोडला होता, दरबारी रिवाजात तो 1820 पर्यंत सक्तीचा राहिला. मात्र पोटं आणि नाकं थोडी कमी करून घ्यावीत, रोलँडसनला अर्कचित्राची सवय होती.

सगळ्यात कमी भरवसा रंगांचा. रेषा आणि छटा छापलेल्या, पण रंग हातानं, नमुना समोर ठेवून अनेक जणांनी भरलेले. एका प्रतीत गुलाबी असलेला झगा दुसरीत हिरवा निघतो. चेहऱ्यावर किंवा पांढऱ्या कपड्यावर करडे-काळे डाग दिसले तर तो शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकानं काळवंडलेला. तो मूळचा काळा समजून कुणी चित्रात घेऊ नये. कापडाचा खरा रंग आणि पोत हवा असेल तर ॲकरमनचंच मासिक ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स’ उघडावं. 1809 ते 1828 मध्ये त्याचे 40 खंड निघाले आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यात कापडाचे खरे तुकडे चिकटवलेले असत.

रस्ते आणि बाह्यांगासाठी मात्र हा संच तोकडा पडतो. नॅशची रीजेंट स्ट्रीट, रीजेंट्स पार्काभोवतीच्या इमारती अजून व्हायच्या होत्या. त्यासाठी टॉमस होस्मर शेपर्डची 1827 पासूनची पोलादी पत्र्यांवरची चित्रं घ्यावीत. आकारानं लहान, रेषा केसासारखी. ती काळ्या शाईतच निघाली. बाजारातल्या रंगीत प्रतींवरचा रंग बहुतेक नंतरच्या विक्रेत्यांचा असतो, त्यावरून भिंतीचा रंग ठरवू नये. गिलावा तेव्हा दगडासारखा पिवळसर रंगवत आणि त्यावर सांध्यांच्या रेघा ओढत. आजचा सायीसारखा पांढरा नंतरचा.

मराठी वाचकाला एक जोड फलक जवळचा वाटेल. याच ॲक्वाटिंट तंत्रानं 1803 मध्ये टॉमस डॅनियलनं वेरूळच्या लेण्यांचे 24 फलक लंडनमध्ये काढले. मूळ रेखाटनं जेम्स वेल्सची, ज्यानं पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र केलं आणि जो 1795 मध्ये वारला. पुण्यातला ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळ रेखाटणाऱ्यांत पुण्याचा गंगाराम तांबटही होता. या फलकांनाही वर सांगितलेली तपासणी लावा: आधी खालची ओळ, मग दाणा, मग क्षितिज. खालच्या ओळीत वेल्सचं नाव मिळतं, तांबटाचं मिळत नाही.